मनगटाला सुट्टी देणाऱ्या दादाला

दादा, आज मंगळवार. तू ठरवून दिल्याप्रमाणे स्पर्धा होईपर्यंत माझ्या मनगटांना धारेतून सुट्टी असायला हवी होती. पण सकाळी चारही गाईंची धार मीच काढली, संध्याकाळीही मीच काढणार आहे, आणि तुझ्या खोलीला कुलूप आहे. बोटं ताठली आहेत, त्यामुळे अक्षर वाकडं येतंय. समजून घे. किंवा नको घेऊस. समजून घ्यायला तू आता इथे नाहीस, आणि राग त्याचाच आहे.

हो, मी तुझ्यावर चिडले आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कदाचित रडू येईल आणि सांगायचं राहून जाईल. गावात सगळे तुझ्याबद्दल हळू आवाजात बोलतात. वेशीजवळ तुझा फ्लेक्स लागलाय, दंड फुगवलेला जुना फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'वाघ हरपला'. तू वाघ नव्हतास. तू माझ्या चुलत्यांचा मुलगा सोन्याबापू होतास. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर बसून दुधाचं फॅट मोजायचास, आणि मधल्या वेळेत गावातल्या पाच-सहा पोरींना वजन उचलायला शिकवायचास. आणि तू अंगात ताप असताना जत्रेत तालमीपुढची दगडी गोटी उचललीस. फ्लेक्सवर हे कुणी लिहिलेलं नाही.

मला स्मृतिलेख वगैरे लिहिता येत नाही. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कुठलंही लिहायचं काम असलं की सगळे माझ्याकडे बघतात. दशक्रियेला तुझ्यावर चार ओळी लिहून दे, असं मला सांगितलं होतं. मी लिहिल्या नाहीत. त्या चार ओळींत 'मनमिळाऊ' आणि 'हसतमुख' बसलं असतं, तापाचं काही बसलं नसतं.

खोली आठवते ना? तुला नाही आठवणार तर कुणाला. तालमीत पोरींनी पाऊल टाकायचं नाही हा गावाचा नियम, मारुतीची जागा म्हणून. तू त्यावर कुणाशी भांडला नाहीस. केंद्रामागे पेंडीची पोती ठेवायची खोली होती, ती झाडून घेतलीस. नगरला एक जिम बंद पडली होती, तिथला बार आणि प्लेटा दुधाच्या टेम्पोत घालून आणल्यास. खाली गोठ्यात गाईखाली अंथरतात ती रबरी मॅट टाकलीस. पहिल्या दिवशी मी बार खाली सोडला तेव्हा पलीकडे दूध घालायला आलेल्या बाया दचकल्या, आणि एकजण ओरडली, "आरं काय पडलं? कॅन का?" तू इकडून म्हणालास, "न्हाई मावशी, आमची आशी पडली." सगळ्या हसल्या. मला तेव्हा तुझा राग आला होता. आता वाटतं, त्या हसण्यामुळेच कुणी आम्हाला हटकलं नाही.

मग पकडीचं प्रकरण झालं. स्नॅच मारताना, म्हणजे बार जमिनीवरून एका झटक्यात वर नेताना, तो डोक्यावर जायच्या आत माझी बोटं उघडायची. मांड्या तयार होत्या, पाठ तयार होती, मनगट आणि कोपर यांच्यामधला तेवढा भाग दगा द्यायचा. मी मोबाईलवर इंग्रजी लेख वाचायचे, शब्द अडला की अर्थ शोधून पुढे जायचे. एकात लिहिलेलं असायचं, लहान स्नायू लवकर सावरतात, त्यांना रोज काम दिलं तरी चालतं. दुसऱ्यात असायचं, आठवड्यातून दोनदा पुरे, जास्त केलं तर ते थकून बसतात. मला पहिलं आवडलं. मी रोज घरी ओला टॉवेल पिळायला लागले, विटा भरलेली बादली धरून उभी राहायला लागले. पकड सुधारायची सोडून आणखी बिघडली.

"काय म्हनतंय तुझं इंग्रजी?" तू फॅटच्या बाटल्या धूत होतास.

"एक म्हणतं रोज करा, दुसरं म्हणतं आठवड्यातून दोनदा."

"दोघं बी खरं बोलत असत्याल. पर त्यांच्या घरी गाय हाय का?"

मी हसले. तू हसला नाहीस.

"तुमच्यात धार कोन काढतं?"

"मी."

"दोन टायमाला?"

"हो."

"चार गाईंची. मंग तुझ्या हाताला सुट्टी कवा गं, आशे? लेखातली पोरगी हाताचा व्यायाम करून घरी जाती आनि झोपती. तू घरी जाऊन पुन्हा त्योच व्यायाम करतीस, फकस्त त्याला व्यायाम म्हनत न्हाईस. आनि वर टावेल पिळतीस, येडे."

मला ते पटायला वेळ लागला. धार काढणं म्हणजे काम, व्यायाम म्हणजे वेगळं काहीतरी, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. घरातल्या कामाला मोजायचं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं. तू मात्र त्याच संध्याकाळी आमच्या अंगणात आलास आणि माझ्या वडिलांपुढे, तात्यांपुढे, उभा राहिलास.

"तात्या, स्पर्धा हुईस्तोवर आशीला धारंला बसवू नगा."

तात्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. "का? काय झालं हाताला?"

"झालं काय न्हाई. सुट्टी पायजे."

"हाताला सुट्टी?"

आई चुलीकडून म्हणाली, "माज्या हाताला इतकी वर्सं झाली, कुनी दिली न्हाई सुट्टी."

"काकू, तुमचा अंगठा ठणकतो का न्हाई?"

आईने अंगठा पदराआड घेतला. तिचा अंगठा ठणकतो हे मलाही माहीत नव्हतं, दादा. तुला कसं कळलं होतं? रोज कॅन उचलून देताना ती डाव्या हाताचा आधार घ्यायची, ते तू बघितलं असशील.

माझा भाऊ संतोष सगळ्यात जास्त चिडला. "म्हंजी हिच्या मनगटापायी मी गाईच्या लाथा खायच्या?" तू त्याच्या मांडीवर थाप मारलीस. "तुझी मांडी मोठी हाय. सोसंल." आणि खरंच त्याने लाथा खाल्ल्या. गाईंना माझ्या हाताची सवय, त्याच्या हाताला पान्हाच सोडेनात. दूध कमी भरायला लागलं. तात्या जेवताना दुधाची पावती ताटाशेजारी ठेवून बघायचे. केंद्रावर बायांनी तर तुला सोडलंच नाही. "सोन्याबापू, आमच्या बी मनगटाला लिहून दे की सुट्टी!" "डागदरची चिठ्ठी लागती का रं?" तू म्हणालास, "चिठ्ठी न्हाई लागत. बार उचलावा लागतो." "मंग ऱ्हाऊ दे बाबा, धारच बरी."

आठवड्याभरात माझी बोटं उघडायची थांबली. मी डोक्यावर बार धरून उभी होते आणि तू ओरडत होतास, "सोडू नको, सोडू नको, आता बघ, बघ!" मला वाटलं बार बघायला सांगतोयस. तू माझ्या हाताकडे बोट दाखवत होतास.

हे सगळं तुला येत होतं. म्हणून तर राग येतो. तू अडाणी असतास तर मी तुला माफ केलं असतं. रोज नुसते दंडच फुगवत बसणाऱ्या पोरांना तूच हाकलायचास. शेजारच्या गावातली दोघं यायची, टी-शर्टच्या बाहीतून जेवढं दिसतं तेवढंच कमवायला. तू त्यांना सांगायचास, "आरं, बार वढताना दंड राबतोच की. पाठीच्या कामात त्यो फुकट राबतो, घरातल्या सुनंसारखा. त्याला येगळं काम कमी द्यायचं." तुमच्या घरच्या सूनबाई, आमच्या वहिनी, दारात कॅन घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मंग सुनंला सुट्टी कवा?" सगळी पोरं खाली बघायला लागली. तू कान पकडलेस, त्यांच्या हातातला कॅन घेतलास. वहिनी अजून ते सांगतात आणि सांगताना हसतात, आणि मग उठून आत जातात.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. पोटऱ्यांचं. मी म्हणत होते त्यांचा व्यायाम रोज हवा, तू म्हणत होतास एक दिवसाआड. मी म्हटलं, फाट्यापासून घरापर्यंत मी रोज चालते, पोटऱ्यांना रोजचीच सवय आहे. तू म्हणालास, चालणं मोजायचं नाही, ते सवयीचं. मग मी विचारलं, "धार पण सवयीचीच होती की. ती का मोजली?" एवढ्या दिवसांत तुला पहिल्यांदाच अडलेलं बघितलं मी. किती आनंद झाला होता मला! तू म्हणालास, "जत्रा हू दे. मंग सांगतो."

मी आपली एकटीच विचार करत बसते. चालताना पोटरी पूर्ण ताकद लावत नाही आणि धार काढताना मूठ पूर्ण आवळावी लागते, म्हणून धार मोजायची, असं असेल का? मला वाटतं असंच असेल. पण मला वाटून काय उपयोग. 'बराबर' असं तू म्हणायला हवं होतंस, नाहीतर 'चूक' म्हणून हसायला हवं होतंस. जत्रा झाली, दादा. सांग ना.

थंडीतली ती सकाळ मला सारखी आठवते. मी शिंकत खोलीत आले. तू बारला हात लावू दिला नाहीस.

"नाक गळतंय. घरी जा."

"नुसती सर्दी आहे."

"शरीर एका टायमाला एकच कुस्ती खेळतं. आज त्ये सर्दीसंगं खेळतंय. त्यात दुसरा पैलवान आत सोडू नगो."

मी रुसून गेले. स्पर्धेची तयारी चालू होती. तू दारात उभा राहून मी वळेपर्यंत बघत होतास, मी मागून परत येईन म्हणून.

माझ्या सर्दीला एवढा पहारा. आणि तुझ्या तापाला?

वहिनींनी मला नंतर सांगितलं. बरेच दिवस अंगात कणकण होती. तू गोळ्या खात होतास आणि केंद्रावर बसत होतास. जत्रेच्या दिवशी त्या म्हणाल्या, जाऊ नका. तू म्हणालास, "उचलायला कोन चाललंय? नुसता बघायला जातो." वहिनींनी कपाळाला लावायला हात पुढे केला, तू मान मागे घेतलीस. हे सांगताना त्यांनी स्वतःची मान मागे घेऊन दाखवली, आणि तसंच खिडकीकडे बघत बसल्या.

मी त्या दिवशी नगरला होते, प्रॅक्टिकल होतं. मी ते मोबाईलवर बघितलं. गावातल्या पाच-सात जणांनी एकच क्लिप स्टेटसला ठेवली होती. एवढ्या उन्हात तू कानाला मफलर बांधून मागे बसलायस. मी बघितलं आणि मला वाटलं, पैलवानी थाट. तालमीपुढचा तो मोठा गोल दगड, त्याला आपण गोटी म्हणतो, पाहुण्या गावच्या गड्याने खांद्यावर घेऊन टाकला होता. मग आबांच्या हातात माईक. तालीम त्यांची, दूध संस्था त्यांची, माईक तर त्यांचाच. "आपल्यात हाय का न्हाई कुनी मायचा लाल? का सगळ्यांनी बांगड्या भरल्यात?"

तेवढ्यावर तू उठलास.

बांगड्यांवर, दादा? आम्ही पोरी रोज तुझ्या खोलीत बांगड्या काढून खिळ्याला अडकवायचो आणि तुझ्या डोळ्यांदेखत वजन उचलायचो. तुला तर त्या शब्दावर हसू यायला हवं होतं. गावात एकट्या तुला. बांगड्या भरणारी माणसं काय उचलतात हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मागे बसल्या बसल्या तू नुसतं ओरडून सांगितलं असतंस, "आबा, बांगड्यावाल्यांनाच बोलवू का?" तर जत्रा हसून हसून लोळली असती आणि तू घरी आला असतास. पण तू मफलर सोडलास. क्लिपमध्ये तुझे डोळे लाल दिसतात. तू गोटी छातीवर घेतलीस, खांद्यावर घेतलीस, मागे टाकलीस, आणि लोकांनी फेटे उडवले. मी नगरला त्या स्टेटसवर हात जोडलेलं चित्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू केंद्रावर आलास, पहिल्या दोन कॅनचं फॅट काढलंस, आणि खुर्चीतून खाली कोसळलास. चुलते नाहीत, म्हणून जीपमध्ये तात्याच तुझ्याबरोबर होते. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

तुझ्या दशक्रियेचं मला सांगायचं नव्हतं, पण सांगते. नदीवर मंडप, प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. ज्यांनी तुला कधी चहा पाजला नसेल तेही माईकवर गहिवरले. पिंड ठेवला तर कावळा शिवेना. वहिनी म्हणाल्या, आपल्या पोरीला शिकवीन. नाही. तात्या म्हणाले, मायलेकींना अंतर देणार नाही. नाही. मी बायांमध्ये मागे उभी होते. मी म्हटलं, दादा, खोली बंद पडू देणार नाही. मोठ्याने म्हटलं नाही, मला वाटतं शेजारणीलाही ऐकू गेलं नसेल. मग आबा पुढे आले, हात जोडून म्हणाले, "सोन्याबापू, म्होरल्या जत्रंत तुज्या नावानं गोटी उचलू!" आणि बाभळीवरचा कावळा खाली आला आणि शिवला.

मी सायन्सला आहे. कावळ्याला भूक लागली की तो येतो हे मला कळतं. पण त्या क्षणी मला तुला गदागदा हलवून विचारायचं होतं, तू ह्याला हो म्हणालास? ह्याला?

मग आबांनी माईक घेतला. अति व्यायाम वाईट असतो म्हणाले. लोखंडानं आपला हिरा खाल्ला म्हणाले. पोरीच्या जातीला तर ह्या खुळाची गरजच काय, आजपासून ती खोली बंद. लोकांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर तात्या म्हणाले, "झालं तेवढं बास. धारंला बसत जा." संतोषने चरवी माझ्या हातात दिली आणि हात झटकले.

गोटीला कुणी बोललं नाही. गोटीला हार घातलाय, तुझ्या नावाचा. आणि बारला कुलूप. ह्यासाठी मी तुझ्यावर चिडले आहे. तू गेलास म्हणून नाही फक्त. गावाला इतकी वर्षं आमच्या विरुद्ध कारण सापडत नव्हतं. तू स्वतः उचलून त्यांच्या हातात दिलंस. कॉलेजची स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. गेलं वर्षभर आपण तिच्यासाठी राबलो. माझ्या बोटांची कालपासून मूठ नीट मिटत नाहीये.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहिते.

त्याच मंगळवारी संध्याकाळी मी धारेला बसले होते. तात्या पेंडीच्या पोत्यावर बसून होते. माझ्या मनात नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"तात्या, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"झालं त्ये झालं."

"काय म्हणाले होते?"

चरवीत धारेचा आवाज चालू होता. ते गाईकडे बघत बोलले. "म्हनले, ताप छातीत उतरला हुता. काळजाला सूज हुती. अशा टायमाला मानसानं पडून ऱ्हावं, जड कायबी उचलू नये."

"मग हे तिथं माईकवर का नाही सांगितलं?"

"काय सांगू? गावानं उचलायला लावली म्हनून सांगू?"

"आबांनी लावली."

"आबानं एकट्यानं न्हाई लावली." तात्या उठून उभे राहिले, पुन्हा बसले. "म्होरंच हुतो मी. मी बी वरडलो. उचल बापू, उचल, म्हनून."

क्लिपमध्ये तो आवाज आहे, दादा. मी तो इतक्यांदा ऐकला आहे, पण तो आपल्या घरातला असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. माझे हात थांबले. गाय मागे वळून बघायला लागली. मला तात्यांवर ओरडायचं होतं आणि त्यांच्याजवळ जाऊनही बसायचं होतं. दोन्ही जमलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मग लोखंडाला कशाला कुलूप लावलंत?" तात्यांनी चरवी माझ्या हातातून घेतली आणि उरलेल्या दोन गाईंच्या धारेला स्वतः बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते वहिनींनी सांगितलं. केंद्र आता वहिनी बघतात. दूध घालायला रांग लागली होती, आबा नेहमीसारखे खुर्ची टाकून बसले होते. तात्यांनी कॅन खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, सोन्याबापू तापानं गेला. तापात गोटी उचलली म्हनून गेला. डाक्टरनं मला सांगितलं, मी गप बसलो. तुमी माईकवर वरडला, मी खालनं वरडलो."

आबा म्हणाले, "मंग काय आता गोटीला कुलूप लावू?"

"त्ये तुमी बघा. पर त्या खोलीचं काढा. तिथं कोन मेलं न्हाई."

रांग पुढे सरकत नव्हती. वहिनींनी दूध मोजायचं थांबवलं होतं. मुद्दाम थांबवलं नव्हतं म्हणतात, हातच उचलेना. मागून एक मावशी म्हणाली, "द्या की वो आबा किल्ली. दूध नासंल." आबांनी किल्ली दुधाच्या काट्यावर टाकली आणि खुर्ची उचलून तालमीत गेले. ते अजून तात्यांशी बोलत नाहीत. आणि मला वाटतं, आजूबाजूचे काही लोकही आमच्याशी पूर्वीसारखे बोलत नाहीत.

संध्याकाळी मी खोलीवर गेले. तात्या माझ्या आधी तिथे होते. दार उघडं होतं, पण चौकटीवर त्यांचा हात आडवा.

"थांब."

मला वाटलं, झालं, मन बदललं. त्यांनी माझ्या कपाळावर तळहात ठेवला. जरा वेळ तसाच धरला. मग पुटपुटले, "कायच कळंना. कातडी लई जाड झालीया." त्यांनी हात उलटा केला आणि मागची बाजू लावली. मग तीच स्वतःच्या कपाळाला. मग पुन्हा माझ्या. बापाने माझ्या कपाळाला हात लावल्याचं मला लहानपणापासूनचं काही आठवत नाही.

"न्हाई. गार हाय. जा."

आणि चौकटीवरचा हात काढला.

एवढंच होतं, दादा. एवढंच करायचं होतं. गोटीपुढे अख्खं गाव उभं होतं, त्यातल्या कुणालाही जमलं असतं. वहिनींनी तर हात पुढे केलाही होता. तू लोकांच्या मनगटांचा, अंगठ्यांचा, पोटऱ्यांचा थकवा ओळखत फिरलास, आणि स्वतःच्या बायकोच्या हातापासून मान मागे घेतलीस. तुझे सगळे उपकार मला माहीत आहेत, ते मी फेडू शकत नाही, आणि तरी तुला माफ करायला माझं मन अजून तयार नाही. होईल कदाचित. सध्या मी एवढंच करू शकते. तात्या रोज संध्याकाळी त्या दारात येऊन उभे राहतात. मी रोज कपाळ पुढे करते, आणि रोज तुझ्यावर नव्याने चिडते.